मुलुंड ते अंधेरी, शर्यतीच्या गाडीवरून

आमच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच दुचाकी लावता येते. हा नियम करणाऱ्यांपुढे इमारतीखालच्या जागेचा प्रश्न होता. त्यापायी कुणाच्या मनगटातली नस दबेल, हे त्यांना सुचण्याचं काही कारण नव्हतं. पण माझ्या नवऱ्याने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शर्यतीच्या जातीची मोटारसायकल घेतली, तिला जागा हवी म्हणून बारा वर्षांची स्कूटर त्याच आठवड्यात दाराबाहेर गेली, आणि ज्या गाडीने वर्षातून चार-दोन वेळा रेसट्रॅकवर पळायचं, तिच्यावर बसून आम्ही दोघं रोज सकाळी मुलुंडहून अंधेरीला जाऊ लागलो.

तो दातांचा डॉक्टर आहे. दवाखाना अंधेरी पूर्वेला, आणि मी शिकवते ते कॉलेज त्याच्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. स्कूटरवरून तासाभराचा तो रस्ता बारा वर्षं इतका अंगवळणी पडला होता की भांडुपच्या सिग्नलला मी काल अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे चालू करत असे. डबे पायाशी, उत्तरपत्रिका सीटखाली, येताना हुकाला कोथिंबिरीची नाहीतर ताज्या बांगड्यांची पिशवी. स्कूटर देखणी नव्हती, आणि तिने तसा आवही कधी आणला नाही.

नवी गाडी देखणी होती, हे मात्र मला नाकारता येणार नाही. दौतीतली शाई सांडून वाळू द्यावी तसा निळा रंग, आणि पुढून पाहिलं की पाण्यात सूर मारायच्या बेतात असलेल्या पक्ष्यासारखी खाली झुकलेली मान. बंद झाल्यावरही ती बराच वेळ टक टक करत निवत राहायची. तापलेल्या धातूचा, रबराचा आणि कसल्याशा गोडसर तेलाचा वास जिन्यापर्यंत यायचा. नवऱ्याने आदल्या हिवाळ्यात दक्षिणेतल्या एका रेसट्रॅकवर दोन दिवसांचं शिक्षण घेतलं होतं. तिथून आल्यापासून तो ‘वळण’ हा शब्द असा उच्चारायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, आजवर आपण नुसते कोपरे पाहत आलो.

मागची सीट होती एका आंबोळीएवढी. पुढच्या सीटपेक्षा वीतभर उंच, आणि धरायला काही नाही. माझ्या सासूबाई मालवणकडच्या, मुंबईत पन्नास वर्षं काढूनही बोलणं तसूभर न हललेल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून ती सीट न्याहाळली आणि मला म्हणाल्या, “गो, ह्येच्यार कावळो बसात. तू खय बसतलंस?”

प्रश्न रास्त होता. पण लेकाचा चेहरा इतका उजळलेला होता की त्यांनी तो परत विचारला नाही, आणि मीही नाही. आमच्याकडे नव्या गाडीला पहिल्या दिवशी नावं ठेवत नाहीत. तो पहिला दिवस पुढे तीन महिने चालला.

माझ्या हातून जी चूक झाली ती त्याच संध्याकाळी. भीती मला वाटत होती, आणि सासूबाईंना माझ्याहून जास्त. त्यांच्या माहेरासासरी कुठलंही नवं काम, नवं वाहन, नवी होडी गावच्या देवापुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय आपली मानत नाहीत. गाऱ्हाणं म्हणजे देवळात उभं राहून, घरच्या मालवणीत, देवाला खणखणीत आवाजात केलेली विनवणी. आणि भोवतीच्यांनी प्रत्येक वाक्याला दिलेला होकार. तो मान नवऱ्याच्या मोठ्या काकांकडे आहे. गावी जायला सवड नव्हती, तेव्हा मीच सुचवलं की फोनवरून घालू या. आपल्या बुद्धीचं मला त्या वेळी कौतुकही वाटलं.

इमारतीखाली आम्ही तिघं गाडीभोवती उभे राहिलो. झेंडूचा हार हँडलवर घालायला गेलो तर हँडल होतंच कुठे. टाकीच्या खाली दोन बाजूंना दोन आखूड दांडे. हार सरळ पुढच्या चाकात उतरला. शेवटी सासूबाईंनी तो आरशांना बांधला. चाकाखाली लिंबू ठेवलं, व्हिडिओ कॉल लावून फोन टाकीवर उभा केला, आणि टाकीला असा उतार की काका दर दोन वाक्यांनी पालथे पडायचे. मी त्यांना सावरून धरलं. त्यांच्या मागे देवळातली घंटा, समईचा उजेड, आणि काकांचा भरदार आवाज: तुझ्या लेकराने नवी गाडी घेतली आहे, तिच्यावरून जाता-येता काही वाकडं-नाकडं झालं तर ते तू दूर कर. आम्ही तिघांनी आणि पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून एका शेजारणीने “व्हय म्हाराजा” म्हटलं. इथवर सगळं ठीक होतं. पण काका रंगात आले होते. “ही गाडी वरीसभर तेंच्या घराक लाभांदे,” ते म्हणाले, “वरीस झाला की तो स्वता येवन तुका नारळ ठेवतलो, म्हाराजा!”

आणि मी, जिला ती गाडी वर्षभर काय, आठवडाभरही नको होती, सर्वांत मोठ्याने “व्हय म्हाराजा” म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रवास सुरू झाला. त्या गाडीवर बसणं म्हणजे बसणं नव्हेच. पुढे तो टाकीवर पोट टेकून ओणवा, वरती मी त्याच्या पाठीवर ओणवी. गुडघे कोपरांपर्यंत दुमडलेले. साडी पहिल्याच दिवशी बाद झाली, कारण चाकापाशी साडीगार्ड नव्हतं आणि एका बाजूने बसायचं तर धरायचं काय. कॉलेजात मी सलवार-कुडत्यात पोचले आणि कपाटात ठेवलेली साडी नेसून वर्गात गेले. डबा पाठीवरच्या बॅगेत आडवा. चौथ्या दिवशी सोलकढीने उत्तरपत्रिकांना जो रंग दिला, तो मला विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागला.

आणि बोलणं संपलं. मी त्याच्या डोक्याच्या वर, दोन हेल्मेटं, खाली चार सिलिंडरांची कुरकुर. स्कूटरवर माझी हनुवटी त्याच्या खांद्याशी असायची. इथे त्याच्या कानापर्यंत पोचायला मला पुढे झुकावं लागे, आणि झुकलं की ब्रेक लागून माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटे. त्याचा आवाज आत कसा घुमतो ते त्याला ठाऊक. बाहेरून तो रिकाम्या शहाळ्यावर शहाळं आपटल्यासारखा यायचा. काही दिवसांनी आम्ही त्या आवाजानेच बोलायला लागलो. एकदा म्हणजे “हळू”, दोनदा म्हणजे “हळू, कितीदा सांगायचं”.

हळू जाणं मात्र त्या गाडीला येतच नव्हतं. तिचा पहिला गिअर जिथे मोकळा श्वास घेतो, तो वेग आमच्या रस्त्याला वर्षातून दोनदा भेटत असेल. एल. बी. एस. रोडवर मेट्रोच्या पत्र्यांमुळे उरलेली दीड गल्ली, कांजूरला वळणाऱ्या बसचं बूड, मग जेव्हीएलआर या जोडरस्त्यावर पवईपर्यंत मुंगीच्या चालीची रांग. या सगळ्यात ती गाडी चालायची नाही; थांबायची, धक्का द्यायची, पुन्हा थांबायची. प्रत्येक वेळी तो डाव्या हाताने क्लच दाबायचा आणि सोडायचा. क्लच कडक होता. शरीराचा भार आधीच मनगटांवर. रेसट्रॅकवर ब्रेक मारताना गुडघ्यांनी टाकी आवळून तो भार उचलायचा असतो, आणि वेग असला की छातीवर येणारा वारा माणसाला उचलून धरतो, असं त्यानेच मला समजावलं होतं. गांधीनगरच्या सिग्नलला वारा कोण आणणार? तिथे येत होती ती रेडिएटरच्या पंख्याची झळ; आधी त्याच्या मांड्यांवर, मग माझ्या पोटऱ्यांवर, भाकरीच्या तव्यावर हात धरावा तशी. आरशांत रस्ता दिसत नसे, त्याची स्वतःची कोपरं दिसत. गतिरोधक आला की पोट घासल्याचा आवाज येई आणि तो असा कळवळे, की तसा माझ्या बाळंतपणातही कळवळला नव्हता.

एका सकाळचं मात्र खरं सांगायला हवं. जानेवारीतलं झेंडावंदन होतं. सुट्टी, पहाटेचा गारवा, रस्ते धुऊन ठेवल्यासारखे रिकामे. पवईशी तलावावर धुक्याची साय धरलेली, पाण्याचा शेवाळी वास. पुलाच्या चढावर त्याने पहिल्यांदा ती मोकळी सोडली. आवाज कुरकुरीतून सुरात आला, तंबोऱ्याची तार नेमकी लागावी तसा. माझं पोट मागे राहिलं आणि मी पुढे गेले. वळणावर आम्ही दोघं आणि ती गाडी एकाच बाजूला झुकलो, आणि त्याच्या पाठीतला ताठा विरघळल्याचं मला माझ्या छातीपाशी समजलं. चाळीस सेकंद असतील फार तर. एवढ्यासाठी माणूस असला खटाटोप का करतो, ते मला त्या चाळीस सेकंदांत कळलं. मग साकीविहारचा सिग्नल लाल झाला आणि पोटऱ्यांवर पुन्हा झळ आली.

फेब्रुवारीत मला घरात बारीक बारीक गोष्टी दिसू लागल्या. शर्टाची बटणं लावताना तो आरशासमोर उभा राहायला लागला; आधी बातम्या वाचत वाचत लावायचा. माशाचे काटे काढण्यात त्याचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं, आता तो सुरमईचे तुकडे मागू लागला. चहाचा कप डाव्या हातातून उजव्या हातात घेताना “केवढा गरम आहे” म्हणाला. कप मिनिटभर डाव्यात होता. मी विचारलं तर थंडी, वय, फोनचा अतिवापर अशी उत्तरं आली. डॉक्टर माणूस, स्वतःच्या दुखण्याला उत्तरं देण्यात वाकबगार.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझी डावीकडची खालची दाढ गार पाण्याला ठणकायला लागली. शनिवारी दुपारी दवाखान्यात शेवटचा रुग्ण गेल्यावर मी खुर्चीत आडवी झाले. लवंगेच्या तेलाचा आणि ओल्या प्लास्टरचा तो वास मला वर्षानुवर्षं त्याच्या शर्टांतून ओळखीचा. वरवरची कीड आहे, इंजेक्शनसुद्धा नको, तो म्हणाला. त्याने डाव्या हातात छोटा आरसा घेऊन माझा गाल बाजूला केला, आणि उजव्या हातातलं यंत्र सुरू झालं.

त्याचा हात मला ठाऊक आहे. रुग्ण सांगतात, डॉक्टरांचा हात लागलेला कळत नाही. त्या दिवशी कळत होता. डावा अंगठा माझ्या खालच्या ओठावर टेकला होता, आणि ओठ दातावर दाबला जात होता. आधी थोडा, मग जास्त, मग इतका की जिभेला रक्ताची चव आली. मी हुंकार दिला. त्याला वाटलं, दाढ दुखते आहे. “झालंच,” तो म्हणाला, आणि अंगठा तिथेच, दाराच्या फटीत विटेचा तुकडा सारावा तसा. त्याला तो तिथे आहे हेच माहीत नव्हतं.

मी त्याचं मनगट धरून हात बाजूला केला. उठून चूळ भरली. पाणी गुलाबी झालं. त्याने ते पाहिलं. मी म्हटलं, हातमोजा काढ, डोळे मीट. तो हसत होता, पण मिटले. ट्रेमधला कापसाचा एक छोटा बोळा उचलून मी त्याच्या डाव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मध्ये ठेवला आणि बोटं मिटवली.

“हातात काय आहे?”

“अगं, आधी दे तर,” तो म्हणाला.

त्याने डोळे उघडले, बोटांतल्या कापसाकडे पाहिलं, आणि खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दीड महिना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मुंग्यांनी भरलेलं होतं. गेले काही दिवस मुंग्याही नव्हत्या, काहीच नव्हतं. मनगटातली नस दबली आहे, हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं. रूट कॅनालचे रुग्ण तो गुपचूप एका मित्राकडे पाठवत होता. दवाखान्यातल्या मदतनीस बाईंना सांगितलं होतं, रुग्णांना सांगा, डॉक्टर सध्या अवघड कामं घेत नाहीत. बावीस वर्षं ज्या बोटांनी घर चाललं, ती हरवत चालली होती आणि तो त्याच बोटांनी रोज क्लच दाबत होता.

दाढ अपेक्षेहून खोल किडलेली निघाली. त्याने औषध भरून वर तात्पुरतं सिमेंट लावलं, ते कसंबसं, उजव्या हाताने. पुढचं काम दुसऱ्या कुणाकडून करून घे, म्हणाला. मी नाही म्हटलं. तुझा हात आला की करू. हे मी प्रेमाने म्हटलं असं वाचणाऱ्याला वाटेल. मी ते रागाने म्हटलं होतं.

राग यायला कारण होतं. त्या रात्री जेवणानंतर तो उपाय सांगू लागला. हँडल दोन इंच वर घेता येतं. क्लचची केबल बदलली की मऊ होतो. जेलचे हातमोजे मिळतात. मागच्या सीटवर जाड गादी बसते, टाकीवर चुंबकाची पिशवी बसते, त्यात डबे राहतील. मी ऐकत होते. उपायागणिक तो त्या गाडीला थोडी थोडी स्कूटर करत होता, आणि हे त्याच्या लक्षात येत नव्हतं. चित्त्याला दावं बांधायचं, घंटा बांधायची, मग तो दूध कधी देतो याची वाट बघायची. मी म्हटलं, वीक ती.

“वर्षाचं गाऱ्हाणं घातलंय,” तो म्हणाला. “नारळ बोललाय. ते मोडायचं कसं?”

देवळात गेला तर चपलांची काळजी करणारा हा माणूस. संकष्टीला आम्लेट खाणारा. पण सासूबाईंचा चेहरा उतरला होता, आणि त्याने तो शब्द माझ्यासाठी नव्हे तर त्यांच्यासाठी टाकला होता, हे मला कळत होतं. बोललेला नारळ त्यांच्या लेखी चेष्टा नव्हती. “देवाक दिलेलो शबूद,” त्या पुटपुटल्या. एकीकडे लेकाचा हात, एकीकडे देवाला दिलेला शब्द. आणि दोन्हींच्या मध्ये मीच सुचवलेला तो व्हिडिओ कॉल.

सकाळी मी काकांना फोन लावला आणि स्पीकर सुरू करून तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं: हाताचं, दवाखान्याचं, माझ्या दाढेचंसुद्धा. विचारलं, गाडी वर्षाच्या आत घराबाहेर गेली तर देवाचं काय करायचं. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट. मग काका म्हणाले,

“गो, नारळ मी तेच्यासाठी बोललंय. लोखंडासाठी कोण नारळ बोलता? तेचो हात रवलो तर तो येतलो आनि ठेवतलो. गाडी नाय इली तरी चलात.”

नवऱ्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. काकांना ते दिसत नव्हतं, पण त्यांनी त्याला लहानपणापासून ओळखलेलं.

“आनि तू रे,” ते म्हणाले, “देवाक मधी घालू नको. तुका इकूची नाय, असा सरळ सांग.”

सासूबाई उठून आत गेल्या आणि आतून त्यांच्या नाक शिंकरण्याचा आवाज आला. नवरा टेबलावरच्या चहाच्या डागाला बोट लावत बसला, उजव्या हाताचं. मग म्हणाला, मला विकायची नाहीये. सरळ सांगतोय. मी म्हटलं, कळलं. पुढे मिनिटभराने तो म्हणाला, जाहिरात टाकतो.

गाडी बघायला बोरिवलीहून एक मुलगी आली. सव्वीस-सत्तावीसची, खांद्यावर हेल्मेट लटकवलेली, स्वतः एका जुन्या स्कूटरवरून. ती रेसट्रॅकवर नेमाने जाणारी होती. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून ती मागच्या चाकाशी उकिडवी बसली आणि टायरवरून तळवा फिरवला, मधून कडेपर्यंत.

“काका, ही तुम्ही रोज चालवायचात?”

“रोज,” नवरा म्हणाला. “अंधेरीपर्यंत.”

“ट्रॅफिकमध्ये?” ती मान वर करून त्याच्याकडे बघायला लागली. मग टायर दाखवत म्हणाली, “बघा ना. मधे सपाट झालाय आणि कडा कोऱ्या आहेत. हिला वळायलाच मिळालं नाही.”

त्यात टोमणा नव्हता. आजाऱ्याबद्दल बोलावं तसं ती बोलत होती. नवऱ्याने मान हलवली. गाडी नेणार कशी, असं त्याने विचारलं तेव्हा तिने टेम्पो सांगितला. रस्त्यावर चालवणार नाहीस? तिने आपल्या स्कूटरकडे बोट केलं. भाजी, ऑफिस, आई, सगळं हिच्यावर, ती म्हणाली. हिला फक्त ट्रॅकवर. व्यवहार दहा मिनिटांत झाला. नंतर दिवसभर नवरा गप्प होता. मला वाटलं गाडीचं दुःख आहे. संध्याकाळी म्हणाला, “काका म्हणाली मला.”

पुढचे सात आठवडे आम्ही रिक्षाने गेलो. मनगटाला पट्टा, दिवसभर जपणूक, दवाखान्यात फक्त तपासण्या. रिक्षात तो डावा हात मांडीवर असा ठेवून बसायचा, जणू कुणी थोडा वेळ सांभाळायला दिलेली वस्तू. आता बोलायला तासभर होता, हेल्मेटं नव्हती, आणि आम्हाला दोघांनाही बोलायचं काही सुचत नव्हतं. मी एका बाजूने जेवत होते. सिमेंट दोनदा निखळलं. दोन्ही वेळा त्याने ते उजव्या हाताने लावलं आणि दुसरा डॉक्टर सुचवला, आणि दोन्ही वेळा मी ऐकलं नाही. भाकरीचा कडक पदर बघूनही माझ्या कानशिलात कळ उठायची. हा हट्ट शहाणपणाचा होता असं मी म्हणणार नाही.

परीक्षेची पद्धत सासूबाईंनी काढली. रोज सकाळी तो डोळे मिटून डावा हात पुढे करायचा. त्या मिसळणाच्या डब्यातून चिमूट काढून त्याच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मध्ये ठेवायच्या. जिरं, ओवा, मोहरी की मेथी, ते त्याने वास न घेता सांगायचं. पहिले तीन आठवडे तो सगळ्याला जिरं म्हणायचा, कारण तेच जास्त वेळा येईल असा त्याचा हिशेब. चौथ्या आठवड्यात मेथी ओळखली, तिचे कोपरे टोचतात म्हणून. मोहरी आणि ओवा यांत बरेच दिवस गफलत. चुकला की सासूबाई दाणे परत डब्यात टाकत आणि कणीक मळायला लागत. ज्या सकाळी तो सलग चारही बरोबर सांगून गेला, त्या सकाळी त्यांनी गावी फोन लावून काकांना कळवलं, आणि इतक्या मोठ्याने, की फोनची गरज नव्हती.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी पुन्हा त्या खुर्चीत आडवी झाले. दाढ खोल होती, आता इंजेक्शन लागणारच होतं. मदतनीस बाईंनी दिवा खाली ओढला. त्याने डाव्या अंगठ्याने आणि तर्जनीने माझा गाल चिमटीत धरला, जरासा हलवला, सुई टोचते आहे हे लक्षात येऊ नये म्हणून सगळ्यांचा हलवतो तसा. मी डोळे मिटून सगळं लक्ष त्या चिमटीवर ठेवलं. मोज्याचं रबर, त्याखाली बोटांची ऊब. दाब असा की पीठ मळून झाल्यावर ते मऊ आलं का ते बघावं. सुई गेली तेव्हा चिमटी किंचित सैल झाली, पुन्हा घट्ट झाली. ती सैल होणं आपोआप नव्हतं. त्याला माझा गाल कळत होता.

मग जबडा जड व्हायला लागला. ओठाचा एक कोपरा हरवला, मग जीभ. त्याने मोज्यातल्या अंगठ्याने ओठ हलकेच दाबून विचारलं, “कळतंय?”

कळत होतं, थोडंसं, दुसऱ्या खोलीत कुणी चालावं तसं. मी मान डोलावली. तो घड्याळाकडे न बघता अंगठा तसाच ठेवून थांबला.